कोथिंबिरीचे तीन वाफे

चूल आणि संडास यांच्यात किती अंतर असावं, याचा विचार मी सत्तर वर्षांत कधी केला नव्हता. तशी वेळच आली नव्हती. अमोलने भाड्याने आणलेल्या गाडीत ते अंतर दीड हात होतं. मी हात लावून मोजलं.

अमोल माझा मुलगा. तो आणि त्याची बायको पूजा, दोघं पुण्यात नोकरीला आहेत. फेब्रुवारीत दोघांनी चार दिवसांची रजा काढली आणि ही गाडी घेऊन नाशिक रोडला माझ्या दारात आले. तो तिला मोटरहोम म्हणत होता. बाहेरून बघाल तर मिनीबस. आत दोन पलंग, गॅसची शेगडी, भांडी घासायला छोटी मोरी, जेवायला घडीचं टेबल, आणि शेगडीच्या पाठीला पाठ लावून एक अरुंद दार. ते दार तो मोठ्या कौतुकाने उघडायला लागला तेव्हा मी पदर नाकाला लावला आणि बंद कर म्हटलं. तो म्हणाला, आई, एकदम स्वच्छ आहे, सगळं खाली जातं आणि खाली... मी म्हटलं, खाली काय होतं ते मला सांगू नकोस.

सांगू दिलं असतं तर बरं झालं असतं.

मला किळस लवकर येते. ही माझी लहानपणापासूनची खोड. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी, बसच्या खिडकीवरचे तेलकट डाग, चहाच्या कपावरून ओघळलेला आणि वाळलेला थेंब, यातलं काहीही मला पुरतं. नाशिक रोडला मी तीस वर्षं भाजी विकली, पण सडका टोमॅटो नुसत्या हाताने कधी उचलला नाही, कोबीच्या पानात धरून टाकला. गिऱ्हाइकं हसायची. पण यायची माझ्याकडेच, कारण माझ्या जुडीत पिवळं पान सापडायचं नाही.

या खोडीपायी माझी सख्खी बहीण माझ्याशी बोलायची थांबली.

नवसाबाई, माझी अक्का, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. निफाडच्या पुढे तिचं शेत आहे. नऊ वर्षांपूर्वी तिच्या नातवाचं जावळ होतं. मांडवात साठेक माणूस जेवायला बसलं होतं. अक्काने मोठ्या पातेल्यात काळ्या मसाल्याचा मटणाचा रस्सा स्वतः केला होता, आणि वाढायलाही स्वतःच निघाली होती. माझ्या वाटीत तिने पळी रिकामी केली, मी वाटी तोंडाजवळ नेली, आणि सगळ्यांच्या देखत खाली ठेवून म्हणाले, याला वास येतोय.

पंगत थांबली. बायका आपापल्या वाट्या हुंगायला लागल्या. दोघी-तिघी ताटावरून उठल्या, मग त्यांच्या पोरांनाही त्यांनी उठवलं. अक्का पळी हातात धरून उभी होती, ती तशीच उभी राहिली. त्या दिवसापासून तिने माझं नाव टाकलं. लग्नाकार्यात भेट व्हायची, तेव्हा ती माझ्या डोक्यावरून पलीकडे बघायची.

या दिवाळीनंतर तिचा मुलगा समाधान फोनवर म्हणाला की मावशी, आईच्या डोळ्यांनी आता फार कमी दिसतं, एकदा येऊन जा. म्हणून अमोलने मला नाशिक दाखवतो म्हटल्यावर मी एकच अट घातली. तुम्हाला काय दाखवायचं ते दाखवा, काय खाऊ घालायचं ते घाला, पण शेवटचा मुक्काम अक्काच्या शेतावर. तिच्या हातचं मला एकदा जेवायचं होतं. ती वाढते की नाही, एवढ्यासाठीच मी त्या गाडीत चढले. नाशिक काय, मी जन्मापासून बघतेच आहे.

पहिल्याच दिवशी नाशिकमधल्या द्वारका चौकात गाडी अडकली. एवढी लांबलचक गाडी, धड वळेना, धड मागे सरेना. चहूबाजूंनी हॉर्न, आणि मी खिडकीशी पलंगावर बसलेली. भर रस्त्यात पलंगावर बसलेली म्हातारी लोकांना दुसऱ्यांदा कुठे दिसणार? शेजारच्या रिक्षावाल्याने मान आत घातली, शेगडी बघितली आणि म्हणाला, "आजी, दोन कटिंग टाका, सिग्नल सुटायला वेळ आहे." पूजा हसली. मी पडदा ओढला. पडद्याला आधीच्या कुणीतरी हात पुसलेले होते, पिवळे.

पूजा खाण्याचे व्हिडिओ करते. तिच्या मोबाईलवर बरीच माणसं ते बघतात म्हणे. मग नियम असा की तिचं शूटिंग होईपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही. गंगापूर रस्त्याच्या बाजूला एका शेतातल्या हॉटेलात आम्ही मिसळ खायला गेलो. मिसळ म्हणजे नाशिकच्या माणसाला काही अप्रूप नाही. पण त्या मिसळीवर चीज किसून टाकलेलं होतं. पूजाने पावाचा तुकडा तर्रीत बुडवला, वर उचलला, चीजची तार लांबली, तुटली नाही, पुन्हा खाली सोडला, पुन्हा उचलला. सर्दी झालेल्या पोराचं नाक मला आठवलं. असं सात-आठ वेळा झालं. तोवर माझ्या वाटीतल्या तर्रीवर तेलाची साय धरली. शेवटी तिने तो तुकडा अर्धा चावला, डोळे मिटून मान हलवली, आणि शूटिंग संपल्यावर उरलेला अर्धा माझ्या ताटाशेजारी ठेवून दिला. मी दही खाल्लं आणि पापड.

संध्याकाळी एका टपरीवर पाववडा. तळणाऱ्याने ज्या हाताने पीठ कालवलं त्याच हाताने मान खाजवली आणि तोच हात पुन्हा पिठात गेला. अमोल म्हणाला, आई, तू बघतेस कशाला? मी म्हटलं, तू बघत नाहीस म्हणून.

दुसऱ्या दिवशी द्राक्षाच्या मळ्यात नेलं. तिथे वाईन बनवतात. तिकीट काढून आत गेलं की एका मोठ्या लाकडी टबात द्राक्षं भरून ठेवलेली, आणि त्यात उतरून लोकांनी ती पायांनी तुडवायची. पाच-सहा जण आत होते. एका माणसाच्या टाचा फुटलेल्या, एकीच्या अंगठ्यावरचा रंग अर्धा उडालेला. गाणी लावलेली, आणि ते नाचत होते. बोटांमधून साली वर येत होत्या, सालींबरोबर आतला गर, आणि माश्या. मी पोरीबाळींबरोबर द्राक्षाच्या बागेत थिनिंगला गेलेली बाई आहे. एकेक घड हातात घेऊन कात्रीने मणी काढायचे, हात लागून मण्यावरची पावडरसुद्धा पुसू द्यायची नाही. आणि इथे हे. पूजाही उतरली. बाहेर आल्यावर तिने पाय धुतले, पण ते पाणी इतकं चिकट होतं की पुढे दिवसभर गाडीच्या फरशीवर माझी चप्पल चिकटत होती. हे पुढे पिणार का कुणी, असं मी तिथल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, नाही आजी, हे फक्त मजेसाठी, नंतर फेकून देतो. मला ते जास्त वाईट वाटलं.

रात्री धरणाच्या काठाला गाडी लावली. पूजाने मुगाची खिचडी टाकली. ती झारा फिरवत होती आणि तिच्या पाठीमागच्या अरुंद दारातून अमोलचं खोकणं, खाकरणं, मग पाण्याचा आवाज, सगळं झाकणावर वाफ धरावी तसं माझ्या कानावर धरलं. तो बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, वा, काय वास सुटलाय. मी दोन केळी खाल्ली. सालीत बंद असलेली तीच एक वस्तू गाडीत होती. त्या दाराच्या आत मी चार दिवसांत एकदाही गेले नाही. पेट्रोल पंप, हॉटेल, जिथे मिळेल तिथे उतरून गेले. तिथेही विटांवर पाय ठेवून श्वास धरून उभं राहावं लागलं, पण तिथे निदान कुणी खिचडी शिजवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याच्या कडेच्या एका गटारीजवळ अमोलने गाडी थांबवली. मागच्या बाजूला खाली वाकून त्याने एका नळाला पाइप लावला आणि नळ सोडला. दोघांच्या आंघोळीचं, भांड्यांचं, साबणाचं पाणी गटारीत जायला लागलं. माझा जीव कळवळला. आमच्या माहेरी मोरीचं पाणी मागच्या अळूला जायचं, अळूचं उरलं तर केळीला, आणि केळीपाशी कर्दळ. पाण्याचा एक तांब्या कधी वाया गेला नाही. मी अमोलला म्हटलं की एवढं पाणी एखाद्या झाडाला तरी दे. तो म्हणाला, घाण पाणी आहे ग आई. मी म्हटलं, आंघोळीचं पाणी कुठे घाण असतं. मग तो शेजारच्या दुसऱ्या नळाकडे बोट दाखवून काहीतरी सांगायला लागला, की हा मात्र... मला वाटलं, पुन्हा त्या दाराचंच काहीतरी. मी ऐकलं न ऐकलं करून पुढे जाऊन बसले.

दुपारी नांदूरमधमेश्वरला पक्षी बघितले. पक्षी चांगले होते. दूर होते.

चारच्या सुमाराला अक्काच्या शेतावर पोचलो. गाडी अंगणात मावेना, म्हणून समाधानने ती शेताच्या बांधाला, पाटाच्या कडेला लावायला सांगितली. पाटाला लागूनच कोथिंबिरीचे तीन वाफे होते. हिरवेगार म्हणता येणार नाहीत, शेंडे थोडे मलूल होते. समाधान म्हणाला की बाकीचं शेत द्राक्षाचं आणि ते तो बघतो, पण हे तीन वाफे आईचे. दिसत नाही तरी ती त्यात दिवसभर बसून असते, तण हाताला लागलं की उपटते. उद्या दुपारी कोथिंबीर उपटायची होती, संध्याकाळच्या लिलावाला न्यायला. चार दिवस झाले, वीज वेळेवर येत नव्हती म्हणून पाणी मिळालेलं नव्हतं. उद्या दहाला वीज येणार होती.

अक्का ओट्यावर बसली होती. फार वाळली होती. मी समोर जाऊन उभी राहिले आणि अक्का म्हटलं. तिने आवाज ओळखला, हे तिच्या मानेवरून कळलं. पण ती माझ्याशी बोलली नाही. तिने पूजाला जवळ बोलावलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला, आणि म्हणाली, "सूनबाई, तुझ्या सासूला विचार चहा घेती का. का इथंबी वास येतोय?"

समाधान हसू दाबत आत गेला. मी चहा घेतला, कप न बघता.

रात्रीच्या जेवणाचं पूजाने विचारलं तर अक्का म्हणाली की तुमच्या गाडीत चूल हाय ना, मग तिथंच करा, आमच्याकडचं काहींना चालत नाय. माझ्यासमोर म्हणाली. मी मान खाली घातली. मग तिला गाडी बघायची हौस आली. अमोलने तिला हाताला धरून चढवलं. तिने पलंग दाबून बघितले, शेगडीची बटणं चाचपली, नळ सोडून पाण्याखाली बोटं धरली. आणि मग विचारलं की बाहेर कुठं जायचं ते. अमोलने ते दार उघडलं. मला माहीत होतं तो आता सगळं सांगणार. मी खाली उतरून बांधावर गेले. आतून अक्काचं हसणं ऐकू आलं. ती खोदून खोदून विचारत होती की मग ते जातं कुठं, साठतं कुठं, ओततात कुठं. तिला कसली किळस नव्हती. अंधारात काठी टेकत शेताकडेच्या खोलीत जाणाऱ्या म्हातारीला दोन पावलांवर संडास म्हणजे काय असतं, ते मला त्या वेळी सुचलं नाही. मी कानांवर पदर ओढून उभी होते.

उतरताना ती पूजालाच म्हणाली, पण मोठ्याने, की उद्या दुपारी जेवून जा म्हणावं. पिठलं-भाकरी करीन. रस्सा नाय.

मला रात्री छान झोप लागली.

उजाडता उजाडता मी उठले. अमोल-पूजा झोपलेले होते, अक्काच्या घराचं दार बंद. मी बांधावर उभी राहून कोथिंबीर बघत होते. दहाला वीज येणार, मग पाणी, आणि दुपारी उपटायची. तोवर शेंडे आणखी खाली बसणार. अक्काची जुडी बाजारात मलूल दिसणार. आणि माझ्या डोक्यात आलं की गाडीत कालपासूनच्या आंघोळीचं, भांड्यांचं पाणी आहे. अमोल ते पुन्हा कुठल्या तरी गटारीत ओतणार. अक्का उठेल तेव्हा तिचे वाफे ओले असतील. ती हात घालून बघेल आणि विचारेल, कुणी भिजवले. नऊ वर्षांनी मी तिचं एखादं काम केलेलं असेल.

समाधानचं फावडं पाटाशीच होतं. चप्पल काढून मी पाटात उतरले, वाफ्याचं तोंड मोकळं केलं, आणि गाडीच्या मागे जाऊन अमोलने सोडला होता तो नळ सोडला. दोन-चार पिचकाऱ्या आल्या आणि थांबलं. एका दिवसात साठून साठणार किती? शेजारी दुसरा नळ होता, मनगटाएवढा जाड, झाकण लावलेला. नळांवर इंग्रजीत काही लिहिलेलं होतं. मला उशिरा आलेली अक्षरं मराठीपुरतीच आहेत. मी समजले, मोठी टाकी ही असणार. झाकण काढलं, शेजारी अडकवलेला जाड पाइप बसवला, त्याचं तोंड पाटात टाकलं, आणि दांडा ओढला.

पाणी धो धो आलं. निळसर होतं, फिनेलसारखा वास. मला वाटलं, पूजाचा कसला तरी महागाचा साबण. मी फावड्याने पाणी पहिल्या वाफ्यात घेतलं. तो अर्धा भिजल्यावर तोंड बांधलं आणि दुसऱ्यात वळवलं. पायाशी गार लागत होतं. बरं वाटलं मला. किती वर्षांनी फावडं धरलं होतं.

दुसऱ्याचं पाणी तिसऱ्यात वळवताना माझ्या पायाच्या बोटांत काहीतरी मऊ अडकलं. मला वाटलं, चिखल. मी खाली बघितलं तर भिजलेल्या कागदाचा लगदा होता, आणि तो कागद एकटा नव्हता. मग वास आला. फिनेलच्या खालून, तीन दिवस बंद डब्यात उबलेला वास. पाइपाच्या तोंडातून ते गोळ्यागोळ्यांनी पडत होतं, पाटात तरंगत होतं, आणि पुढे जाऊन कोथिंबिरीच्या देठांशी अडत होतं. मी दोन्ही पायांनी त्यात उभी होते, घोट्यापर्यंत.

ओरडायला तोंड उघडलं तर आधी ओकारी झाली. बांधाला धरून मी ओकत राहिले. पोटात काही नव्हतं, नुसतं पिवळं कडू पाणी. त्या आवाजाने अमोल उठून बाहेर आला. त्याने दांडा दाबून नळ बंद केला आणि डोकं धरून उभा राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "आई, कुणी बघितलेलं नाही. दहाला लाईट आली की विहिरीचं पाणी वरून सोडू. सगळं मुरून जाईल."

पूजा दारात आली होती. तीही म्हणाली की संडासाच्या टाकीत टाकतात त्या निळ्या औषधाने सगळे जंतू मरतात. मी हौदावर जाऊन पाय धूत बसले. साबणाने घासले, मातीने घासले, विटेच्या तुकड्याने घासले. टाचेची साल निघाली तरी ते बोटांमध्येच आहे असं वाटत होतं. अमोलने फावड्याने पाटावर माती ओढली. खरंच, वरवर बघितलं तर काही दिसत नव्हतं. वाफे ओले होते आणि कोथिंबीर ताजी दिसत होती. शेंडे वर आले होते.

मी ते झाकू दिलं. दुपारी पिठलं-भाकरी मिळणार होती. एवढंच माझ्या मनात होतं, खोटं कशाला सांगू.

ऊन अंगणात आलं तशी अक्का काठी टेकत बांधावर आली. तिच्या मागे समाधान, दुपारच्या जुड्यांसाठी सुतळी घेऊन. वाफ्याशी येऊन अक्का थांबली. नाक वर केलं.

"कसला वास येतोय?" ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही, नुसतीच.

अमोल पटकन म्हणाला, काही नाही मावशी, गाडीचं औषध आहे. ती हं म्हणाली. वाकली, पहिल्या वाफ्यात हात घातला, मातीचा ओलावा बोटांनी बघितला. मग मूठभर कोथिंबीर मुळासकट उपटली, झटकली, एक पान खुडलं. पिकवणारी सगळी माणसं करतात तसं ते पान तिने तोंडाकडे नेलं.

मी तिचं मनगट धरलं. "अक्का, खाऊ नको. मी त्यात गाडीतला संडास सोडला."

अक्काने मूठ उघडली, कोथिंबीर खाली पडली. मग तिने चाचपून माझा पदर धरला आणि दोन्ही हात त्याला पुसले, एकेक बोट, सावकाश. मी उभी राहिले.

"किती वाफं?"

"तिन्ही."

समाधान पुढे झाला. तो म्हणाला की आई, एवढं काय, हौदावर धुवून घेऊ, दोन पाण्यांनी. धुतली की कळत नाय. बाजारात कोण हुंगतंय?

"ही हुंगती," अक्का म्हणाली. "उपट म्हणावं सगळी. हिनंच."

तर मी उपटली. पूजाने हातात घालायला प्लास्टिकच्या पिशव्या आणून दिल्या, पण पिशवीतून देठ धरता येत नाही. मी नुसत्या हातांनी उपटली. प्रत्येक मुळाशी मातीचा गोळा यायचा आणि त्या मातीत काय आहे ते मला माहीत होतं. नखांत जात होतं. तोंडाने श्वास घेतला तर चव लागल्यासारखी वाटायची, म्हणून नाकानेच घेत होते. ऊन चढलं तसा वास उठून उभा राहिला. अक्का बांधावर बसली होती, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, जिथे वास सगळ्यात जास्त येत असणार. हलली नाही. अमोल आणि समाधान पलीकडे खड्डा घेत होते.

दुसरा वाफा अर्धा झाला तेव्हा ती म्हणाली, "लंके, आता खरं सांग. माझ्या रश्श्याला कसला वास व्हता?"

नऊ वर्षांनी तिने माझं नाव घेतलं. मी उकिडवी बसले होते, तशीच बसले.

"रश्श्याला नव्हता," मी म्हणाले. "मांडवामागं बोकडाची आतडी टाकली व्हती. खड्डा बुजवायचा राहिला व्हता. वारा फिरला आन् माझ्या नाकाशी आला. हात धुवायला मागं गेले तवा बघितलं मी."

"तवाच बघितलं?"

"तवाच."

"मग सांगितलं का नाय?"

"साठ माणसांच्या देखत कसं सांगणार व्हते, अक्का, की मी चुकले म्हणून?"

"बोलली व्हतीस तर देखतच."

मी पुन्हा उपटायला लागले. अक्का काठीने माती टोकरत राहिली. मग तिने तिकडे तोंड करून समाधानला हाक मारली की खड्डा कंबरेएवढा घे, कुत्रं उकरील. आणि मला म्हणाली की मुळं राहू देऊ नको, हाताला लागतील मला.

कोथिंबीर गाडली, वर चुना टाकला. वाफे तसेच उघडे ठेवले, उन्हात तापायला. या हंगामात तिथे काही लावायचं नाही, असं अक्काने सांगितलं. त्या दिवशी समाधानची गाडी बाजाराला रिकामी गेली नाही, त्याने द्राक्षं नेली, पण अक्काची जुडी गेली नाही. मी हौदावर डोक्यावरून पाणी घेतलं. ते लुगडं तिथेच सोडलं, अक्काचं एक जुनं नेसले. त्याला चुलीच्या धुराचा आणि तिच्या अंगाचा वास होता.

जेवायला आत बसलो. अमोल आणि पूजा एका बाजूला. पूजाने मोबाईल काढला नाही. अक्काने कुणालाच वाढू दिलं नाही. चाचपत चाचपत तिने माझ्या ताटात बाजरीची भाकरी ठेवली, बोटाने ताटाची कड शोधली आणि पळीने पिठलं घातलं. त्यात कोथिंबीर नव्हती. मग माझ्या समोरच मांडी घालून बसली.

पहिला घास मोडला आणि पिठल्यात केस दिसला. लांब, पांढरा, हळदीने पिवळा झालेला. सकाळची सगळी घाण पुन्हा डोळ्यांपुढे आली. मी अक्काकडे बघितलं. तिला माझं तोंड दिसत नव्हतं. ती कान देऊन बसली होती, मी चावते की नाही ते ऐकायला.

केस मी बोटाने ओढून काढला आणि ताटाच्या कडेला, खालच्या बाजूने, लावून ठेवला. तिचाच असेल असं नाही. तिचे आणि माझे केस आता सारखेच आहेत. घास तोंडात घातला. चावला. गिळायला वेळ लागला, पण गिळला.

"कसं झालंय?" अक्काने विचारलं.

"मीठ कमी हाय."

"असंल," ती म्हणाली, आणि मिठाची वाटी चाचपून माझ्याकडे सरकवली.